दुसरी वाट खरंच दुसरी आहे का?



पौडमध्ये या विषयावर बोलायला तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक कशाला, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर आत्ताच दिसतो आहे. विषय आहे ऑप्टिकल फायबरच्या रिंग जाळ्यांचा. केबल तुटली तरी फोन आणि इंटरनेट चालू राहावं म्हणून केलेली ही सोय. तिचा इतिहास, तिच्यातल्या माहीत असलेल्या अडचणी आणि त्यांवर लोकांनी काढलेले तोडगे आज पाहायचे आहेत. यातलं तांत्रिक ज्ञान इंजिनिअर मंडळींचं. पण या इतिहासाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो मात्र आमच्या विषयातला आहे. दोन गोष्टी खरोखर दोन आहेत, की एकच गोष्ट आपण दोनदा मोजतो आहोत, हे ओळखायचं कसं?

आधी कल्पना नीट समजून घेऊ. समजा, पुण्याहून पौडला येणारी एकच केबल आहे आणि ती भूगाव ते पिरंगुट या पट्ट्यात रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने तोडली. पौडचा संपर्क गेला. आता समजा, पौडहून आणखी एक केबल कोळवणमार्गे पवन मावळात उतरते आणि तिकडून फिरून पुण्याला पोहोचते. पुणे, पौड, मावळ, परत पुणे असं वर्तुळ पूर्ण झालं. हीच रिंग. एका बाजूला तुटलं तर माहिती दुसऱ्या बाजूने फिरवायची. हे फिरवणं यंत्र आपोआप करतं, माणसाने धावत जाऊन वायर बदलायची नसते. या आपोआप होणाऱ्या अदलाबदलीला प्रोटेक्शन स्विचिंग म्हणतात.

कल्पना सोपी आहे. पण ती अमलात यायला बराच काळ जावा लागला. का, ते बघू.

तारेचं युग आपल्याकडे १८५० च्या दशकात सुरू झालं आणि १८५४ मध्ये मुंबई आणि पुणे तारेने जोडले गेले. त्या काळात तार तुटणं ही रोजची गोष्ट होती. तुटली की माणूस पाठवायचा, तोवर टपाल होतंच. दुसऱ्या वाटेची निकड आधी भासली ती लांबच्या पल्ल्यावर. १८६५ पासून लंडनचा संदेश इराणच्या आखातातून कराचीला येऊ लागला. त्या वाटेचा बराच भाग परक्या मुलखातून जमिनीवरून जात असे. उशीर आणि चुका ठरलेल्या. मग १८७० मध्ये सुएझ आणि एडनमार्गे समुद्रातून केबल थेट मुंबईला आली. आता हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये वेगवेगळ्या मुलखांतून, वेगवेगळ्या पाण्यांतून जाणाऱ्या वाटा झाल्या. साम्राज्याला आपला हुकूम अडकून पडायला नको होता, म्हणून खर्च झाला. इथेच एक गोष्ट नोंदवून ठेवा, शेवटी लागणार आहे: दुसरी वाट नेहमी त्यालाच मिळते, ज्याचं बोलणं थांबलं तर सत्तेचं नुकसान होतं.

आता काचेच्या तंतूकडे येऊ. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकॅम यांनी दाखवलं की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाश लांबवर नेता येईल. १९७० मध्ये अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने तशी काच बनवून दाखवली. आणि आपल्याकडे? पुणेकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. भारतात टेलिफोन एक्स्चेंज एकमेकांना जोडण्यासाठी ऑप्टिकल फायबरची पहिली यंत्रणा १९७९ मध्ये सुरू झाली, ती पुण्यात. म्हणजे या देशात काचेतून बोलण्याची सुरुवात आपल्या जिल्ह्यात झाली.

फायबरने एक मोठं वरदान दिलं आणि त्याच्या पोटात एक संकटही. तांब्याच्या एका जोडीवर साध्या पद्धतीने एक संभाषण चालायचं. १९९० च्या दशकात सेकंदाला अडीच अब्ज बिट वाहून नेणारी फायबरची यंत्रणा आली, तेव्हा एका जोडीवर तीस हजारांहून जास्त संभाषणं बसू लागली. पूर्वी कुदळीचा घाव चुकून बसला तर एखाद्या आळीचे फोन जायचे. आता त्याच घावाने शहर मुकं होऊ लागलं.

हे संकट जगाला दोन आगींनी शिकवलं. नोव्हेंबर १९८४ मध्ये टोकियोच्या सेतागाया भागात जमिनीखालच्या केबलच्या बोगद्याला आग लागली. फोन तर गेलेच, बँकांचे संगणकही गप्प झाले. मग ८ मे १९८८ रोजी अमेरिकेत शिकागोजवळ हिन्सडेल इथल्या टेलिफोन एक्स्चेंजला आग लागली. हजारो लोकांचे फोन कित्येक दिवस बंद राहिले आणि विमानतळाचं कामही विस्कळीत झालं. दोन्हीकडे एकाच ठिकाणी फार जास्त धागे एकवटले होते. त्यानंतर अभियंत्यांचं लक्ष रिंगकडे जोराने वळलं. त्याच सुमाराला एसडीएच नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आकाराला येत होती, आणि तिच्यात रिंगचं संरक्षण नियमांत बांधलं गेलं.

त्या नियमातला एक आकडा प्रसिद्ध आहे: ५० मिलिसेकंद. बिघाड कळल्यावर एवढ्या वेळात वाहतूक दुसऱ्या बाजूने वळली पाहिजे. पापणी लवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. फोनवर बोलणाऱ्याला फार तर एक खट् असा आवाज येईल. पण या आकड्याला अटी आहेत, आणि त्या अटी लोक विसरतात. रिंगचा फायबर १२०० किलोमीटरपेक्षा कमी असावा, तुटलेली जागा एकच असावी, आणि त्या वेळी रिंगवर दुसरी कुठलीही गडबड चालू नसावी. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे १२०० किलोमीटरला ६ मिलिसेकंद. बाकीचा वेळ यंत्रांच्या आपसातल्या निरोपांचा.

ते निरोपही बघण्यासारखे आहेत. माहितीच्या प्रवाहात दोन छोटे कप्पे राखून ठेवलेले असतात, के-१ आणि के-२. कुठे तुटलं, कोणी वळायचं, हे त्यातून कळवतात. त्यात ठिकाणाच्या क्रमांकासाठी चारच बिट ठेवले होते. चार बिटांत सोळा क्रमांक बसतात. म्हणून अशा रिंगवर सोळापेक्षा जास्त ठिकाणं घेता येत नाहीत. सतरावं गाव आलं की दुसरी रिंग काढायची. कागदावर घेतलेला एक लहानसा निर्णय असा पुढे वर्षानुवर्षं गावांची संख्या ठरवत राहतो.

आता अडचणींकडे येऊ.

पहिली अडचण म्हणजे फडफडणारा सांधा. केबलचा जोड ढिला असेल तर जोडणी जाते, येते, जाते, येते. प्रत्येक वेळी वाहतूक इकडून तिकडे उड्या मारू लागली तर तुटण्यापेक्षा वाईट अवस्था होते. तोडगा धीराचा आहे. मूळ वाट सुधारली असं दिसलं तरी लगेच परत जायचं नाही, ५ ते १२ मिनिटं थांबायचं. ती तेवढा वेळ नीट राहिली तरच परतायचं. बोलीत आपण म्हणतो ना, दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. ते इथे नियमात घातलं आहे.

दुसरी अडचण दोन पहारेकऱ्यांची. खाली फायबरची यंत्रणा वाट बदलते आहे आणि वर इंटरनेटचं राऊटरही त्याच वेळी आपली वाट बदलतंय. दोघेही शहाणे, आणि दोघे मिळून गोंधळ घालतात. तोडगा असा की एकाने मुद्दाम थोडं थांबायचं. १०० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी ही थांबण्याची वेळ ठरवता येते. खालच्याला जमलं तर वरच्याने हात लावायचा नाही.

तिसरी अडचण आम्हाला फार विचार करायला लावते. सामायिक राखीव वाट वापरणाऱ्या रिंगमध्ये एखादं ठिकाण दोन्ही बाजूंनी तुटून एकटं पडलं, तर बाकीची यंत्रं वाहतूक वळवताना चुकीच्या दोन टोकांना जोडू शकतात. म्हणजे तुम्ही तुमच्या भावाला फोन लावला आणि पलीकडे भलत्याच माणसाचं संभाषण ऐकू आलं. यावर तोडगा काढला तो असा: ज्या जोडणीचं खरं टोक हरवलं आहे, ती जोडणी मुद्दाम बंद करायची आणि तिच्यावर धोक्याची खूण पाठवायची. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा गप्प राहणं बरं. इंजिनिअरांनी नकळत नीतिशास्त्राचा एक सिद्धान्त यंत्रात बसवला.

चौथी अडचण माणसाची. दुरुस्तीच्या वेळी यंत्राला सांगून ठेवतात की आता वाट बदलायची नाही. काम संपतं, माणसं घरी जातात, आणि ती बंदी काढायची राहून जाते. रिंग कागदावर असते, प्रत्यक्षात तिचे हात बांधलेले असतात. ज्या दिवशी खरी केबल तुटते त्या दिवशी हे कळतं. तोडगा साधा आहे: वहीत नोंद, काम संपल्याची सही, आणि अधूनमधून मुद्दाम तार काढून परीक्षा. जी सोय कधी तपासली नाही ती आहे असं धरून चालता येत नाही.

पाचवी अडचण सगळ्यांत फसवी. रिंग एका ठिकाणी तुटली तर वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. सगळं चालू असतं. मग दुरुस्तीची घाई कोणाला? धोक्याचा लाल दिवा दोन दिवस, चार दिवस पेटत राहतो. आणि त्या काळात दुसऱ्या बाजूलाही घाव बसतो. तेव्हा लोक म्हणतात, रिंग असूनही जाळं पडलं, रिंग बिनकामाची. खरं तर रिंगने पहिला घाव झेलला होता. आपण तिला दुसऱ्यासाठी तयारच केलं नाही. म्हणून जाणकार मंडळी पहिल्या तुटण्यालाच आणीबाणी मानतात.

आणि आता सहावी अडचण, जिच्यासाठी हे सगळं व्याख्यान आहे. रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरातून जातात.

हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. रस्ता खोदायची परवानगी एकदाच मिळते, खर्च एकदाच होतो, मग जाणारी आणि येणारी फायबर एकाच नळीत, कधी एकाच केबलमध्ये टाकतात. नकाशावर सुंदर वर्तुळ दिसतं. जमिनीत ती एक रेघ असते. जेसीबीचा एक दात बसला की दोन्ही वाटा जातात. अशा रिंगला दबलेली किंवा चपटी रिंग म्हणतात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून जोडणी घेतली तरी हा धोका टळतोच असं नाही, कारण दोघांनी तीच नळी भाड्याने घेतलेली असू शकते.

विट्गेनश्टाइन नावाच्या तत्त्वज्ञाने एक मजेदार दाखला दिला आहे. सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी खरी आहे का, हे पडताळायला त्याच वर्तमानपत्राच्या आणखी प्रती विकत घेणाऱ्या माणसाचा. प्रती कितीही घेतल्या तरी साक्षीदार एकच. एका चरातल्या दोन केबल म्हणजे त्याच पेपरच्या दोन प्रती.

जगाने हे ३० जानेवारी २००८ रोजी अनुभवलं. अलेक्झांड्रियाजवळच्या समुद्रात सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन मोठ्या केबल तुटल्या. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, करार वेगळे, पण वाट इजिप्तजवळच्या त्याच अरुंद पट्ट्यातली. भारताच्या इंटरनेटची क्षमता जवळपास निम्मी झाली. ज्यांच्याकडे पूर्वेकडून, पॅसिफिकच्या बाजूने जाणारी वाट होती ते सावरले. १८७० मध्ये ज्या सुएझ-एडनच्या वाटेला आपण दुसरी वाट म्हणत होतो, ती पुढच्या काळात बहुतेकांची पहिली वाट होऊन बसली होती.

आता मुळशीकडे वळू. या तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी आहे, राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. तिथल्या कंपन्यांना एक मिनिट संपर्क गेला तर परदेशातल्या गिऱ्हाइकाला उत्तर द्यावं लागतं. म्हणून तिथे दुहेरी जोडण्या घेणं ही साधी व्यवहाराची गोष्ट आहे. आणि त्याच तालुक्याच्या पश्चिमेला ताम्हिणीकडची गावं आहेत, प्रचंड पावसाची, एका बाजूला घाट आणि एका बाजूला धरणाचं पाणी. तालुका एकच. तरी या दोन टोकांना जाळ्याचा अर्थ वेगळा आहे.

गावांपर्यंत फायबर नेण्याची केंद्र सरकारची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. तिची पहिली रचना झाडासारखी होती. तालुक्याच्या ठिकाणापर्यंत असलेली फायबर वापरायची आणि तिथून ग्रामपंचायतींपर्यंत फांद्या काढायच्या. खर्च कमी, काम लवकर. पण फांदी तुटली की टोकाचं पान वाळतं. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत ग्रामपंचायती रिंगमध्ये जोडायच्या असं ठरलं. बारा वर्षांनी झाडाचं वर्तुळ करायचा निर्णय झाला.

आधी झाडच का सुचलं? पैसा हे एक कारण आहे. दुसरं असं की आमचं राज्यकारभाराचं चित्रच झाडाचं आहे. मुंबई, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव. कागद वरून खाली येतो, अर्ज खालून वर जातो. शेजारच्या दोन गावांनी एकमेकांशी जोडलेलं असावं, ही गरज या चित्रात कुठे दिसतच नाही. रिंगला मात्र शेजार लागतो. मुळशीच्या पश्चिमेकडच्या गावाला खरी दुसरी वाट हवी असेल तर ती पुण्याकडून येणार नाही. ती घाट उतरून माणगावकडून येईल, म्हणजे रायगड जिल्ह्यातून, किंवा लोणावळ्याच्या बाजूने, म्हणजे मावळ तालुक्यातून. सरकारी हद्द जिथे संपते तिथूनच दुसरी वाट सुरू होते.

गंमत अशी की संगणकांच्या जगातही हाच संघर्ष झाला. साध्या इथरनेटच्या जाळ्यात वर्तुळ झालं तर निरोप गोल गोल फिरत राहतात आणि जाळं गुदमरतं. म्हणून १९८५ मध्ये रॅडिया पर्लमन या विदुषीने एक पद्धत शोधली. ती वर्तुळातला एखादा दुवा बंद ठेवून जाळ्याचं झाड करते. पण केबल तुटल्यावर नवं झाड उभं राहायला पूर्वी अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ लागे. २००८ मध्ये इथरनेटच्या रिंगसाठी वेगळं मानक आलं. त्यात एक दुवा मुद्दाम बंद ठेवतात आणि गरज पडताच ५० मिलिसेकंदांत उघडतात. म्हणजे रोजचा कारभार झाडासारखा, आणि संकटात वर्तुळ हाताशी. यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

या तालुक्यात बसून जाळ्यांबद्दल बोलायचं आणि १९२१ विसरायचं, हे शक्य नाही. मुळा नदीवर टाटांचं धरण झालं, पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने कोकणात भिऱ्याला सोडलं आणि १९२७ पासून तिथली वीज मुंबईकडे जाऊ लागली. त्याआधी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे पुढे होते, पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना सेनापती ही पदवी याच लढ्याने दिली. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. लढा हरला, गावं पाण्याखाली गेली.

त्या लढ्याचा आमच्या विषयाशी संबंध असा. धरणाची सारी रेघ एकाच दिशेने होती: इथून पाणी, इथून जमीन, आणि तिकडे उजेड. जे जाळं आपल्या अंगणातून जातं त्यात आपण टोक आहोत, की वाट, की नुसता अडथळा, हे विचारण्याची ताकद त्या लोकांनी दाखवली. आज फायबरची केबल रस्त्याच्या कडेने गावावरून जाते तेव्हा प्रश्न तोच आहे, फक्त सौम्य रूपात. आज रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं यंत्र, बँकेचा व्यवहार, दाखला, दवाखान्याचा सल्ला, सारं त्या धाग्यावर टांगलेलं आहे. धागा तुटला की ताम्हिणीच्या बाजूच्या म्हातारीला धान्यासाठी परत फेरी मारावी लागते. तिचं बोलणं थांबल्याने कुठल्या साम्राज्याचं नुकसान होत नाही. म्हणून तिची दुसरी वाट शेवटी येते.

तेव्हा ग्रामसभेत रिंग आली असं कोणी सांगितलं तर टाळ्या जरूर वाजवा, पण चार प्रश्न विचारा. दोन्ही बाजू कोणत्या रस्त्याने जातात, आणि कुठे एका पुलावरून किंवा एका चरातून जातात का? एक बाजू मुद्दाम बंद करून परीक्षा शेवटची कधी झाली? एक बाजू तुटली तर किती दिवसांत जोडायची, हे करारात लिहिलं आहे का? आणि यंत्राची बॅटरी किती तास चालते, कारण दोन्ही वाटा शाबूत असून वीजच गेली तर वर्तुळ काय करणार? या प्रश्नांना इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. दोन म्हणजे दोनच ना, एवढं विचारायची सवय लागते.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.